डब्ल्यू३०३: लाल पडणारं यीस्ट विकत घ्यावं का?

डब्ल्यू३०३-१ए हा यीस्टचा स्ट्रेन, म्हणजे ठरावीक वाण, मागवला की हातात पडते ती एक बोटभर नळी, आत तिरप्या अगारवर फिकट गुलाबी साय धरल्यासारखा थर आणि लेबलवर जीनोटाइपची, म्हणजे कोणते जीन बदललेत याची, एक ओळ. त्या ओळीत एडीई२-१ हे नाव असतं आणि तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः त्याचे. प्यूरीन (अ‍ॅडेनीन, ग्वानीन यांचं कुटुंब) बनवण्याच्या साखळीतलं एक एंझाइम इथं मुळातच बंद आहे, म्हणून अ‍ॅडेनीन बाहेरून द्यावं लागतं, आणि ते बंद असल्याचं या पेशी रंगानं दाखवतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर लागत नाही, क्रोमॅटोग्राफी लागत नाही. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत चयापचयाचा मार्ग उघड्या डोळ्यांनी दाखवायचा तर यापेक्षा स्वस्त आणि चोख साधन सापडणं कठीण.

आमचं मत आधीच सांगतो: घ्या. पण सोबत अ‍ॅडेनीनची योग्य भुकटी घ्या, आणि एकट्या या स्ट्रेनवर सगळे प्रयोग होतील असं समजू नका. या वस्तूबद्दलच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे ‘रंगच येत नाही’, ‘अर्ध्या कॉलनी पांढऱ्या निघाल्या’, ‘क्रॉस जमत नाही’, या स्ट्रेनच्या नसतात. माध्यमात अ‍ॅडेनीन किती पडलं किंवा सोबत कोणता स्ट्रेन घेतला याच्या असतात.

बिघाड नेमका कुठे आहे

बेकरी यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, साध्या कच्च्या मालापासून आयएमपीपर्यंत, म्हणजे पुढे अ‍ॅडेनीन आणि ग्वानीनची बाजू जिथून फुटते त्या रेणूपर्यंत, दहा पायऱ्यांनी पोचतं. पहिली पायरी एडीई४ या जीनच्या एंझाइमची: पीआरपीपीला (फॉस्फेट जोडलेल्या रायबोज साखरेला) ग्लुटामीनमधला अमोनिया जोडणं. मग एडीई५,७ नावाच्या जोडएंझाइमचा पहिला भाग, पुढे एडीई८, एडीई६, पुन्हा त्याच जोडएंझाइमचा दुसरा भाग, आणि तयार होतो एआयआर, अमायनोइमिडॅझोल रायबोटाइड. (जीनच्या नावात स्वल्पविराम आहे तो छापखान्याची चूक म्हणून काढू नका. आधी दोन जीन वाटले होते, निघाला एकच.) सहावी पायरी एडीई२ची: एटीपी खर्चून एआयआरला कार्बन डायऑक्साइड जोडायचा. सातवी एडीई१ची, आठवी एडीई१३ची, शेवटच्या दोन एडीई१६ आणि एडीई१७ या जुळ्यांच्या.

डब्ल्यू३०३मध्ये सहावी पायरी तुटलेली आहे. एडीई२च्या जीनमध्ये सुरुवातीकडेच एक अक्षर बदलून यूएए हा थांब्याचा कोडॉन (प्रथिन इथंच संपलं असं सांगणारी तीन अक्षरं) आलाय, त्यामुळे प्रथिन अर्धवटच राहतं. एआयआर साठतं, ऑक्सिडाइज होतं आणि त्याचे लालसर, मोठे रेणू पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, जमा होतात. कॉलनी आधी साईसारखी, मग गुलाबी, मग विटकरी लाल.

एडीई१ तुटलेला स्ट्रेनही लालच पडतो, आणि वर्गात पहिली शंका हीच येते: एडीई२ तर शाबूत आहे, मग एआयआर पुढे का जात नाही? जातं. पण एडीई२नं बनवलेला सीएआयआर (कार्बन डायऑक्साइड जोडलेला एआयआर) पुढे उचलणारं कोणी नसतं, तो आपसूक कार्बन डायऑक्साइड टाकतो आणि पुन्हा एआयआर होतो. उलट एडीई४, एडीई५,७, एडीई८, एडीई६ यांपैकी काहीही तुटलं तर अ‍ॅडेनीनची गरज तशीच राहते, पण रंग येत नाही, कारण एआयआरपर्यंत माल पोचतच नाही. पुढच्या साऱ्या निदानाचा पाया एवढाच आहे: रंग दिसतो म्हणजे वरच्या पाचही पायऱ्या चालू आहेत.

भुकटी कोणती घ्यायची

अ‍ॅडेनीन तीन रूपांत मिळतं: मोकळा बेस, हेमिसल्फेट आणि हायड्रोक्लोराइड. मोकळा बेस थंड पाण्यात लिटरला जेमतेम एक ग्रॅम विरघळतो. वजन करून टाकलेला पांढरा गाळ फ्लास्कच्या तळाशी बसतो आणि प्लेटा ओतताना निम्मा तिथंच राहतो. हेमिसल्फेट घ्या. बहुतेक जुन्या कृतींतले आकडे त्याचेच आहेत.

रूप बदललं की आकडाही बदलतो, हे लेबलवर कुणी सांगत नाही. मोकळ्या बेसचं रेणुभार १३५, निर्जल हेमिसल्फेटचं अ‍ॅडेनीनच्या एका रेणूमागे १८४. म्हणजे ४० मिलिग्रॅम हेमिसल्फेटमध्ये खरं अ‍ॅडेनीन २९ मिलिग्रॅमच. कृतीत १० मिलिग्रॅम हेमिसल्फेट अभिप्रेत असताना तुम्ही १० मिलिग्रॅम मोकळा बेस टाकलात, तर अ‍ॅडेनीन ३६ टक्के जास्त पडलं. लाल प्लेट फिकट गुलाबी होण्यासाठी एवढंही पुरतं.

साठ्याचं द्रावण ०.२ टक्के करा: २०० मिलिग्रॅम हेमिसल्फेट, १०० मिलिलिटर पाणी, गरम करून विरघळवायचं, मग १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. अ‍ॅडेनीन उष्णतेला दाद देत नाही, बिघडत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत सुयांसारखे स्फटिक धरतात, वरचं द्रावण पातळ होतं, आणि त्यातून पिपेटनं घेतलेलं माप खोटं ठरतं. बाटली खोलीच्या तापमानालाच ठेवा. स्फटिक धरलेच तर ६० अंशांच्या पाण्यात ठेवून पूर्ण विरघळू द्या, हलवा, मगच माप घ्या.

आता मापं. २५० मिलिलिटर माध्यमात, म्हणजे साधारण दहा-बारा प्लेटांत:

लाल रंग हवा असेल तर लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे साठ्यातून १.२५ मिलिलिटर.
रंग नको, भरपूर वाढ हवी असेल तर लिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटर.

अडीच मिलिग्रॅम भुकटी तराजूवर तोलून थेट माध्यमात टाकण्याचा खटाटोप करू नका. प्रयोगशाळेतला साधा तराजू तिथे आणि अंदाजपंचे यांत फारसा फरक नसतो.

अ‍ॅडेनीन जास्त झालं की रंग का मरतो, यात या साखळीचं सगळं मर्म आहे. बाहेरचं अ‍ॅडेनीन एफसीवाय२ या दारातून आत येतं, एपीटी१ हे एंझाइम त्याला पीआरपीपी जोडून सरळ एएमपी बनवतं. त्यातून एडीपी, एटीपी वाढले की ते पहिल्याच पायरीवरच्या एडीई४ला आवर घालतात. नळच बंद झाला तर खालची मोरी तुंबणार कशी? एआयआर बनत नाही, रंग येत नाही. पेशी तोच बिघाड घेऊन साईसारख्या पांढऱ्या वाढतात. प्लेटवरची पांढरी कॉलनी म्हणजे जीन दुरुस्त झाला असं समजणारे इथंच फसतात.

माध्यम: तयार की घरचं?

तयार वायपीडी भुकटी सोयीची असते, आणि स्ट्रेन वाढवायला ठीकच आहे. लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम. रंग दाखवायला मात्र ती बेभरवशाची. तिच्यातलं अ‍ॅडेनीन येतं यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून, आणि त्याचं प्रमाण कंपनीगणिक आणि बॅचगणिक बदलतं. एका डब्यावर तिसऱ्या दिवशी गडद लाल, दुसऱ्यावर पाचव्या दिवशी कसाबसा गुलाबी. द्रव वायपीडीत तर या स्ट्रेनला साखर संपण्याआधी अ‍ॅडेनीनच तुटपुंजं पडतं. शेकरवर रात्रभर ठेवलेलं कल्चर अपेक्षेपेक्षा पातळ निघालं तर आधी ४० मिलिग्रॅम अ‍ॅडेनीन घालून पाहा, मग स्ट्रेनला दोष द्या.

रंगाच्या प्रयोगासाठी संश्लेषित माध्यमच हवं. अमोनियम सल्फेट असलेला, अमायनो आम्लं नसलेला यीस्ट नायट्रोजन बेस ६.७ ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम, एक लिटर. डब्ल्यू३०३ला अ‍ॅडेनीनशिवाय आणखी चार गोष्टी वरून द्याव्या लागतात: युरॅसिल २० मिलिग्रॅम, हिस्टिडीन २०, ट्रिप्टोफॅन २०, ल्युसीन १००. ल्युसीन जुन्या कृतींत ३० लिहिलेलं असतं. तेवढ्यावर कॉलनी बारीक राहतात. ट्रिप्टोफॅनचं द्रावण गाळून निर्जंतुक करा आणि काळ्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. ते उजेडात पिवळं पडतं आणि मग वाढ का मंदावली याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

डेक्स्ट्रोज वेगळं ४० टक्क्यांचं करून नंतर मिसळलेलं बरं. सगळं एकत्र शिजवलं तर माध्यम करपट तपकिरी होतं आणि फिकट गुलाबी ओळखू येत नाही. अमायनो आम्लांमुळे पीएच खाली गेला असेल तर ऑटोक्लेव्हपूर्वी सोडियम हायड्रॉक्साइडनं ५.८पर्यंत आणा. आंबट माध्यमात शिजलेला अगार नीट आळत नाही, आणि स्ट्रीक करताना (पेशी रेघांनी पसरताना) लूप खरवस कापल्यासारखी आत जाते.

तयार ‘ड्रॉपआउट’ मिश्रणं (पूरकांच्या, एखादं वगळलेल्या पुड्या) घ्यायची असतील तर पुडीवरचा अ‍ॅडेनीनचा आकडा वाचल्याशिवाय मागवू नका. ‘कम्प्लीट’ हा शब्द सगळेच लिहितात. काही मिश्रणांत लिटरला १० मिलिग्रॅम अ‍ॅडेनीन असतं, काहींत ४०. पहिल्यावर हा स्ट्रेन लाल, दुसऱ्यावर पांढरा. दोन्ही पुड्या ‘कम्प्लीट’च. आकडा छापलेलाच नसेल तर ‘अ‍ॅडेनीनविरहित’ मिश्रण घ्या आणि अ‍ॅडेनीन आपल्या हातानं घाला. चार पैसे जास्त जातील, पण माप आपल्या ताब्यात राहील.

प्लेटवर काय दिसतं

एका प्लेटवर ५० ते १५० कॉलनी असाव्यात. दाट पेरलं तर कॉलनी वाटाण्याएवढ्या होण्याआधीच खाणं संपतं आणि रंग अर्ध्यावर थांबतो. ३० अंशांवर दोन दिवसांत साईचे ठिपके, तिसऱ्या दिवशी गुलाबी झाक, चौथ्या-पाचव्या दिवशी लाल. मग प्लेटा दोन-तीन दिवस ४ अंशांवर ठेवा, रंग आणखी गडद होतो. प्रात्यक्षिक सोमवारी असेल तर प्लेटा आधीच्या सोमवारी पेरायला हव्यात. आदल्या गुरुवारी पेरून रंग मागणं म्हणजे कुकरची शिट्टी होण्याआधी वरण वाढणं.

हवा लागते. रंग येण्यासाठी पेशींचं श्वसन चालू असावं लागतं, म्हणून प्लेटा पॅराफिल्मनं करकचून बांधू नका. आणि इन्क्युबेटर थंडही करणारा हवा. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे खोलीचंच तापमान ४०च्या घरात असतं. नुसता तापवणारा इन्क्युबेटर तिथं ३० अंश दाखवूच शकत नाही.

पांढऱ्या कॉलनींचं काय करायचं

लाल प्लेटवर पांढऱ्या कॉलनी, किंवा लाल कॉलनीत पांढरी फाक, दिसणारच. पुरवठादाराला लगेच खरमरीत ईमेल पाठवू नका. बहुतेक वेळा ही नळीतली भेसळ नसते, यीस्टचीच करणी असते. कारणं चार, आणि तीन प्लेटांत ती वेगळी होतात.

पांढरी कॉलनी टूथपिकनं उचलून तिघींवर ठिपका द्या. पहिली: चारही पूरकं असलेली, पण अ‍ॅडेनीन नसलेली. दुसरी: कोणतंच पूरक नसलेली, नुसता नायट्रोजन बेस आणि डेक्स्ट्रोज. तिसरी: वायपीजी, म्हणजे वायपीडीतलं डेक्स्ट्रोज काढून त्याजागी ३ टक्के ग्लिसरॉल, आणि वर ४० मिलिग्रॅम अ‍ॅडेनीन. तिन्हींवर शेजारी मूळ लाल कॉलनीचा ठिपका तुलनेसाठी हवाच.

तिसरीवर वाढ नाही: पेटीट. मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडलंय, ग्लिसरॉलवर जगता येत नाही, आणि श्वसन नाही म्हणून लाल रंगही नाही. एडीई२ जसाच्या तसा तुटलेला आहे. पेटीट ओळखायला टीटीसी या रंग देणाऱ्या रसायनाचा थर ओतण्याची पद्धत काही पुस्तकांत आहे. या स्ट्रेनवर ती वापरू नका. टीटीसीही निरोगी पेशींना लालच करतं, मग कोणता लाल कशाचा हे भांडण मिटत नाही.

दुसरीवरही वाढ: बाहेरून आलेला पाहुणा. एडीई२ दुरुस्त झाला म्हणून युरॅसिल, हिस्टिडीन, ल्युसीन, ट्रिप्टोफॅन या चारही गरजा एका दमात सुटत नाहीत.

पहिलीवर वाढ, दुसरीवर नाही: अ‍ॅडेनीनची गरज खरंच संपली. इथं आणखी एक गंमत आहे, आणि ती फक्त याच स्ट्रेनमध्ये इतकी सुटसुटीत दिसते. एडीई२-१मध्ये थांब्याचा कोडॉन यूएए आहे, आणि याच स्ट्रेनमधल्या सीएएन१-१०० या जीनमध्येही तोच. मूळ अक्षर दुरुस्त झालं असेल तर एडीई२ सुटला, पण सीएएन१ तुटलेलाच राहिला. उलट एखाद्या टीआरएनएमध्ये (कोडॉन वाचणाऱ्या रेणूमध्ये) बदल होऊन तो यूएए वाचायला लागला असेल, तर दोन्ही एकदम सुटतात. आर्जिनीन नसलेल्या संश्लेषित माध्यमात लिटरला ६० मिलिग्रॅम कॅनाव्हनीन, म्हणजे आर्जिनीनसारखं दिसणारं विष, घाला. वाढली तर दुरुस्ती जागेवरची. मेली, कारण सीएएन१चं दार उघडलं आणि विष आत आलं, तर दुरुस्ती टीआरएनएची. वीस पांढऱ्या कॉलनी घेऊन हे करणं हे पदव्युत्तर वर्गासाठी एका आठवड्याचं पुरेसं काम आहे.

तिसरीवर वाढ, पहिलीवर नाही: सर्वांत रंजक प्रकार. श्वसन ठीक, अ‍ॅडेनीनची गरज कायम, तरी रंग नाही. म्हणजे एडीई२च्या वरची एखादी पायरीही तुटली. नळ आणि मोरी दोन्ही बंद. अशा पेशींना एआयआरचं ओझं वाहावं लागत नाही, पीआरपीपी आणि एटीपी फुकट जात नाहीत, म्हणून त्या लाल शेजाऱ्यांपेक्षा जोमानं वाढतात. अ‍ॅडेनीनचा तुटवडा असलेल्या माध्यमात स्ट्रेन वारंवार फिरवत राहिलात तर काही महिन्यांत तुमच्याकडे पांढरंच कल्चर उरेल, आणि त्यात ना भेसळ ना चमत्कार. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हर्शेल रोमन यांनी हाच गुण १९५६च्या कामात वापरला: लाल म्युटंटमधून पांढरे वेचायचे, आणि त्या प्रत्येकात साखळीचा वरचा एखादा नवा जीन तुटलेला सापडतो. तुमच्यासाठी तो वैताग, त्यांच्यासाठी चाळणी.

चकतीचा प्रयोग

या वस्तूची खरी किंमत वसूल होते ती इथं. अ‍ॅडेनीन नसलेल्या प्लेटवर (चारही पूरकं घालून) पेशींचा पातळ थर पसरवा. त्या पेशी आधी निर्जंतुक पाण्यानं दोनदा धुतलेल्या हव्यात, नाहीतर सोबत आलेल्या अ‍ॅडेनीनवर अख्खी प्लेट धूसर वाढते. वर ६ मिलिमीटरच्या फिल्टर पेपरच्या चार चकत्या ठेवा. पहिल्या तिघींवर मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम या मापाचे अ‍ॅडेनीन, हायपोझॅन्थीन आणि ग्वानीन, प्रत्येकी २० मायक्रोलिटर. ग्वानीन पाण्यात विरघळत नाही, ते सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घ्यावं लागतं. म्हणून चौथ्या चकतीवर नुसतं तेच हायड्रॉक्साइड.

तीन-चार दिवसांनी अ‍ॅडेनीनभोवती वाढीचं वर्तुळ दिसतं. ते नीट बघा. चकतीजवळ साईसारखं पांढरट, आणि कडेला, जिथं अ‍ॅडेनीन जेमतेम पोचलंय तिथं, गुलाबी किनार. एडीई४चा लगाम कुठे सुटला ती रेघ प्लेटवर आखलेली असते. एवढ्या एका किनारीसाठीही हा स्ट्रेन घ्यावा.

हायपोझॅन्थीनभोवतीही वाढ होते. ते एचपीटी१मुळे आयएमपी बनतं, आणि आयएमपीपासून एडीई१२ व एडीई१३ पुढचं एएमपी करतात. एडीई२ची गरजच पडत नाही. ग्वानीनभोवती काही नाही. ग्वानीनपासून जीएमपी होईल, पण जीएमपीकडून अ‍ॅडेनीनच्या बाजूला परतायची वाट या यीस्टकडे नाही. आयएमपीकडून जीएमपीकडे जायला आयएमडी गटातली एंझाइमं आणि जीयूए१ आहेत. उलट्या दिशेला कुणीच नाही. पाठ्यपुस्तकातला बाणांचा गुंता विद्यार्थ्यांना चार चकत्यांत वाचता येतो.

क्रॉसचा सापळा

डब्ल्यू३०३-१ए आणि डब्ल्यू३०३-१बी अशी जोडी विकली जाते. एक ए लिंगप्रकाराचा, दुसरा अल्फा. जोडी पाहून वाटतं, आता पूरकता चाचणी (दोन तुटलेले स्ट्रेन एकमेकांची उणीव भरतात का हे पाहणं) करता येईल. करता येत नाही. दोघांचे सगळे तुटलेले जीन तेच आहेत. त्यांचा द्विगुणित (दोघांच्या संगमातली, जीनच्या दोन प्रती असलेली पेशी) लालच राहतो, आणि किमान माध्यमावर दोघं वाढत नाहीत तसा तोही वाढत नाही, त्यामुळे तो वेगळा निवडताही येत नाही. १बी घेण्यात पैसे घालण्यापेक्षा बीवाय४७४२ घ्या.

बीवाय४७४२ अल्फा प्रकाराचा, एडीई२ शाबूत, पण लायसीन बनवू न शकणारा. १ए आणि तो वायपीडीवर एकमेकांत मिसळून ३० अंशांवर पाच-सहा तास ठेवा, मग हिस्टिडीन, ल्युसीन, युरॅसिल असलेल्या पण अ‍ॅडेनीन, ट्रिप्टोफॅन आणि लायसीन नसलेल्या प्लेटवर स्ट्रीक करा. १ए ट्रिप्टोफॅन आणि अ‍ॅडेनीनविना अडतो, ४७४२ लायसीनविना. वाढतो तो द्विगुणित, आणि तो पांढरा: एक चालू प्रत पुरते, तुटलेली प्रत अप्रभावी. बीजाणू हवे असतील तर १ टक्का पोटॅशियम अ‍ॅसिटेटवर २५ अंशांना तीन ते पाच दिवस. चारी बीजाणू वेगळे करायला मायक्रोमॅनिप्युलेटर असेल तर लाल-पांढरे दोनास दोन मिळतात. वाढवायच्या माध्यमात लायसीनही घालायला विसरू नका, आणि अ‍ॅडेनीन १० मिलिग्रॅमच ठेवा.

खरी पूरकता चाचणी, म्हणजे लाल गुणिले लाल बरोबर पांढरा, दाखवायची तर अल्फा प्रकाराचा एडीई१ म्युटंट वेगळा मागवावा लागतो. मागवताना दोन्ही स्ट्रेनच्या बाकी गरजा शेजारी शेजारी मांडून बघा. द्विगुणिताला निवडून काढणारं माध्यम कागदावर जमत नसेल तर ते प्लेटवरही जमणार नाही.

उणिवा आणि पर्याय

हा स्ट्रेन रॉडनी रॉथस्टाइन यांच्या प्रयोगशाळेतून जगभर गेला आणि त्याचं वंशवैशिष्ट्यही सोबत गेलं. आरएडी५मध्ये बिघाड आहे, एसएसडी१ही तुटलेला. डीएनए दुरुस्तीवर किंवा पेशीभित्तिकेवर काम करणाऱ्यांनी हे न बघता घेऊ नये. प्यूरीन शिकवायला याची अडचण येत नाही. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) पाहणाऱ्यांना मात्र लाल द्रव्याचा त्रास नक्की होतो. ते स्वतःच चमकतं, आणि रिक्तिकेतला तो उजेड आपल्या प्रथिनाचा समजून लोक भलतेच निष्कर्ष काढतात. उपाय साधा: सूक्ष्मदर्शकाखाली नेण्याआधी कल्चर भरपूर अ‍ॅडेनीनमध्ये वाढवा.

पर्यायांत विभाजी यीस्ट, शिझोसॅकरोमायसिस पॉम्बे, हेही लाल पडतं. पण तिथं एआयआर कार्बॉक्सिलेजच्या, म्हणजे सहाव्या पायरीच्या एंझाइमच्या, जीनचं नाव एडीई६ आहे, आणि सेरेव्हिसीत एडीई६ म्हणजे वरचं, पांढरा ठेवणारं वेगळंच एंझाइम. दोन्ही यीस्ट एकाच वर्गात आणली की नावांचा असा घोळ होतो की मूळ मुद्दा बाजूला राहतो. एक काहीतरी ठरवा. किराणा दुकानातल्या कोरड्या यीस्टवर अतिनील किरण मारून लाल कॉलनी शोधण्याची टूम अधूनमधून निघते. त्यात जीनच्या दोन किंवा जास्त प्रती असतात, सगळ्या एकदम तुटायला हव्यात. हजारो कॉलनी चाळूनही हाती काही लागत नाही. पांढरे परतावे (जीन जागेवर दुरुस्त झालेल्या कॉलनी) अजिबात नको असतील तर एडीई२ पूर्ण काढून टाकलेला स्ट्रेन मागा. तो जागेवर दुरुस्त होऊ शकत नाही, पण मग वर सांगितलेली कॅनाव्हनीनची मौजही गेली.

आल्यावर पहिल्या दिवशी

नळीतून थेट रंगाच्या प्लेटवर स्ट्रीक करू नका. आधी ४० मिलिग्रॅम अ‍ॅडेनीन घातलेल्या वायपीडीवर, तिथून सुट्या कॉलनी. त्यातल्या सहा उचलून प्रत्येकीचा ठिपका १० मिलिग्रॅमच्या प्लेटवर, अ‍ॅडेनीनविरहित प्लेटवर आणि वायपीजीवर. लाल पडणारी, अ‍ॅडेनीनविना न वाढणारी, ग्लिसरॉलवर वाढणारी अशी एकच निवडा आणि तिच्यापासूनच साठा करा: २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर, निदान चार नळ्या. उणे ८०ची सोय नसेल तर अ‍ॅडेनीन घातलेल्या तिरप्या अगारवर ४ अंशांना ठेवून दर दोन महिन्यांनी नवी नळी, आणि दर वेळी त्याच तीन ठिपक्यांची तपासणी. नळीवर तारखेसोबत माध्यमात किती अ‍ॅडेनीन होतं तो आकडाही लिहा. पुढच्या वर्षी नळी उघडणाऱ्याला ती पांढरी का आहे हे त्याच आकड्यावरून कळेल.